रोवणाची अळंबी त्याच जागी का येते, आणि ती येत राहावी म्हणून काय पाळायचं

कातळसडा

मिरग लागला की इथे अळंबीचे फोटो पडायला लागतात आणि खाली तेच दोन प्रश्न येतात: "ही घरी लावता येईल का?" आणि "खाल्ली तर चालेल का?" दोन्हींची उत्तरं जमिनीखाली आहेत, म्हणून या वेळी धागा तिथूनच सुरू करतो.

रोवण म्हणजे वारूळ. आपण सवयीने मुंग्यांचं वारूळ म्हणतो, पण ते बांधते वाळवी. कोकणात त्यातली बरीचशी ओडोंटोटर्मिस या गटातली. ही वाळवी वाळकी पानं, काड्या, गवत, साल कुरतडून आत नेते. पण लाकडातलं लिग्निन तिला स्वतःला नीट पचत नाही. ते काम ती बुरशीकडून करून घेते.

वारुळाच्या पोटात कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात एक पोळं. दिसायला अक्रोडाच्या गरासारखं, सुरकुत्यांचं, हाताला ठिसूळ. त्यावर मोहरीएवढे पांढरे मणी. तरुण कामकरी वाळव्या आणलेला पाला खातात, सोबत हे मणीही खातात, आणि दोन्हींचं मिश्रण विष्ठेतून पोळ्याच्या वरच्या बाजूला थापतात. मण्यांतले बीजाणू पोटातून जिवंत बाहेर येतात, त्यामुळे नवा थर लावतानाच विरजण लागलेलं असतं. काही आठवड्यांत बुरशी तो थर पचवून मऊ करते आणि मग थोराड वाळव्या पोळं खालून खात जातात. वरून भर, खालून उचल.

ही बुरशी म्हणजे टर्मिटोमायसिस. रॉजर हाइम या फ्रेंच कवकशास्त्रज्ञाने १९४२ साली या गटाला हे नाव दिलं. आपल्याकडे सापडणारी टर्मिटोमायसिस हाइमी ही जात त्याच्याच नावाची आहे.

पावसाने जमीन खोलवर भिजली की पोळ्यातून एक सोट वर निघतो. पोळं जेवढं खोल तेवढा सोट लांब, कधी हातभरही. टोपीच्या मध्यावर टणक टोकदार बोंडी असते, ती मातीत गिरमिटासारखी घुसते. आपल्याला दिसते ती छत्री हे त्या सगळ्या कारभाराचं फक्त शेवटचं टोक. पोळं तिथेच, म्हणून अळंबी तिथेच.

आता लागवड. धिंगरी (ऑयस्टर मशरूम) पेंढ्यावर येते, कारण ती स्वतःच्या हिमतीवर पेंढा कुजवते. रोवणाच्या अळंबीचे तंतू प्रयोगशाळेत बशीत वाढतात, पण वाळवीशिवाय तिचं भरवशाचं पीक काढणं अजून जमलेलं नाही. "रानअळंबीचं बियाणं" म्हणून कोणी पिशवी पुढे केली तर आत धिंगरीचं स्पॉन आहे असं धरून चाला.

तिरफळ

वारूळ नसलेल्या सपाट जमिनीवरही येते ती? वरकस जमिनीत, गवतात अशी कितीदा दिसते. आसपास टेकाड नसतंच.

कातळसडा

तीही तीच. उंच वारूळ बांधणाऱ्या वाळव्या थोड्या, कित्येकींचं घर पूर्ण जमिनीखाली असतं आणि वर काही खूण नसते. गवतात सात-आठ छत्र्या एका ओळीत किंवा घोळक्यात दिसल्या तर खाली पोळं आहे असं समजा. एक छत्री हलक्या हाताने मोकळी करून बघा. देठ मातीत निमुळता होत खाली जातच राहिला तर टर्मिटोमायसिसची शक्यता मोठी. देठ वीतभर मातीच्या आत गोल गड्ड्यात किंवा पिशवीत संपला तर हात आखडता घ्या.

नखाएवढ्या टोप्यांची, शेकड्यांनी येणारी बारकी पांढरी अळंबीही याच गटातली, टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस. तिला सोट नसतो, कारण तिच्या बाबतीत वाळव्याच पोळ्याचे तुकडे बाहेर आणून जमिनीवर पसरतात आणि अळंबी त्या तुकड्यांवर उगवते. नवखे इथे फसतात: "सोट नाही म्हणजे रोवणाची नाही" हा नियम हिला लागू नाही. तरी नवख्याने हिच्या वाटेला जाऊ नये. इतक्या लहान आकाराच्या विषारी जाती पुष्कळ आहेत.

आषाढघन

एक शंका. वाळवी स्वतःच्या पोटातून विरजण लावते म्हणता, मग बुरशीला छत्री काढून बीजाणू उधळायची गरज काय? पोळ्यावरच भागतंय की.

रायवळ

हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या वारुळाचं भागतं, नव्याचं भागत नाही. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्यावर पंखवाल्या वाळव्या झेपावतात, त्या म्हणजे पुढच्या वारुळांचे राजा-राणी. पंख गळतात, जोडी जमिनीत शिरते, राणी अंडी घालायला लागते. पण बहुतेक जातींत ही जोडी सोबत बुरशी आणत नाही. (आफ्रिकेतल्या एका जातीत राजा आणतो, मायक्रोटर्मिस गटात राणी आणते. ओडोंटोटर्मिसमध्ये कोणीच नाही.) नव्या घरात पहिले कामकरी तयार व्हायला काही आठवडे जातात. ते अन्नाच्या शोधात वर येतात तेव्हा पाल्यापाचोळ्यावर बीजाणू पडलेले असावे लागतात. ते पाल्यासोबत पोटात जातात आणि पहिलं पोळं लागतं. बीजाणू मिळाले नाहीत तर ते घर उपाशी मरतं.

म्हणजे आषाढ-श्रावणात उघडलेल्या छत्र्या हे त्याच वर्षी बसलेल्या नव्या वारुळांचं बियाणं आहे. वाळवीचं उडणं आधी आणि अळंबीचं उगवणं नंतर, हा क्रम उगाच नाही.

आता बाजाराकडे बघा. भाव कळीला, म्हणजे न उघडलेल्या टोपीला. कळीतून एकही बीजाणू बाहेर पडलेला नसतो. सगळ्या कळ्या काढल्या तर त्या वारुळाला काही होत नाही, पुढच्या वर्षीही तिथे अळंबी येते, आणि माणूस म्हणतो "बघा, काढून काही कमी होत नाही." कमी होतं ते दहा-पंधरा वर्षांनी, जुनी वारुळं मरायला लागली की, कारण मागून नवी उभी राहिलेली नसतात.

कवकवेडा

रायवळ यांच्याशी सहमत. काढण्याची रीत देतो, म्हणजे नुसता उपदेश नको.

फटीतून दिसणाऱ्या कळ्या खणून काढायच्या नाहीत. कोयतीने किंवा काठीने उकरलं की सोटासोबत पोळ्याच्या कप्प्याचं छत फुटतं. आत पाणी शिरतं, पोळं भिजून सडतं, आणि त्याच वाटेने मुंग्या आत घुसतात. टोपी अर्धी उघडेपर्यंत थांबा. मग देठ जमिनीलगत दोन बोटांत धरून हलकासा पीळ द्यायचा आणि वर ओढायचा. सोट तुटून खाली राहिला तर राहू द्या, त्याच्यामागे जाऊ नका. खड्डा मातीने बुजवून वर पाला सारा. एका घोळक्यातल्या निदान एक तृतीयांश छत्र्या, आणि त्यातही पूर्ण पसरलेल्या, तिथेच ठेवा. पूर्ण पसरलेल्यांत तशाही अळ्या पडलेल्या असतात, तेव्हा नुकसान तुमचं फारसं नाहीच.

न्यायला बांबूची टोपली किंवा सागाची पानं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटतो आणि दोन-तीन तासांत वास फिरतो. पोटं बिघडतात त्यातली कित्येक प्रकरणं विषारी जातीची नसतात, दुपारभर पिशवीत उकडलेल्या चांगल्या अळंबीची असतात.

आणि काढण्याआधी काठीने आजूबाजूचं गवत झोडा. पडक्या वारुळात हात घालायचाच नाही. फुरसं हे रत्नागिरीकडे काही दुर्मीळ जनावर नव्हे.

तिरफळ

पण कापावी की उपटावी? मी तर सगळीकडे वाचते की उपटल्याने मुळं जातात.

कवकवेडा

यावर स्वित्झर्लंडमध्ये एका राखीव रानात १९७५पासून २००३पर्यंत रीतसर नोंदी ठेवल्या गेल्या. काही पट्ट्यांत अळंबी कापली, काहींत उपटली, काहींत हात लावला नाही. निष्कर्ष असा की कापणं-उपटणं यांनी पुढच्या वर्षांच्या संख्येत फरक पडला नाही. फरक पडला तो पायांनी. जिथे माणसं तुडवत फिरली तिथे छत्र्यांची संख्या घटली.

हे जसंच्या तसं आपल्याकडे लावू नये. तिथली बुरशी झाडांच्या मुळांशी जोडलेली किंवा पाला कुजवणारी, आपली वाळवीची. पण तुडवण्याचा मुद्दा ओल्या चिकण मातीवर आणखीच खरा. टोळीने वीसजण रानात घुसण्यापेक्षा दोघे जाऊन काढून आलेले बरे. आणि फणसाड, कर्नाळा यांसारख्या अभयारण्यांतून तर काहीच उचलायचं नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात परवानगीशिवाय अभयारण्यातली वस्तू नेण्याला मनाई आहे, त्यात अळंबीही आली.

सातेरीचो झील

आमच्या थंय ह्येका रोवण म्हणतत आणि सातेरी देवी म्हणजे रोवणच. बाकीचं सरळ मराठीत लिहितो.

सिंधुदुर्ग आणि गोव्यात सातेरीच्या कित्येक देवळांत गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी वारूळ असतं. देवळामागच्या राईत कुऱ्हाड चालत नाही, पडलेलं लाकूडही उचलत नाहीत. रायवळ यांनी सांगितलेलं गणित यावर बसवून बघा. राईतली जुनी वारुळं अभंग राहतात, छत्र्या उघडतात, बीजाणू वाऱ्यावर आजूबाजूच्या वरकस जमिनींवर पडतात. राई तोडून काजू लावला की पहिला बळी वारुळाचा जातो, कारण जेसीबीला ते पहिल्यांदा आडवं येतं.

आषाढघन

अवांतर, पण गडगडाटाने अळंबी येते हे खरं का हो? घरोघरी ऐकलेलं आहे.

कवकवेडा

जपानच्या इवाते विद्यापीठात शिटाके या अळंबीच्या ओंडक्यांना उच्च दाबाचा विजेचा झटका देऊन पाहिला, उत्पन्न वाढलं. पण ती शिटाके होती आणि झटका थेट ओंडक्याला होता. आपल्याकडे गडगडाट आणि पहिला दमदार पाऊस एकाच दिवशी येतात, मग श्रेय कोणाला द्यायचं? जमीन पोळ्यापर्यंत भिजणं ही खरी अट. वळवाच्या एका सरीवर अळंबी येत नाही, गडगडाट कितीही होवो.

आमरी

धागा आवडला, पण रानाच्या बाजूने एक गोष्ट नीट मांडायला हवी. हल्ली "अळंबीचं जाळं झाडांना एकमेकांशी जोडतं" हे वाक्य सर्रास फिरतं. कोकणातल्या रानात कुठलीही छत्री दाखवून ते म्हटलं जातं, आणि बहुतेक वेळा चुकीचं असतं.

मुळांशी संगत करणाऱ्या बुरशीचे दोन मोठे प्रकार. एक मुळाच्या टोकावर बाहेरून मोजा चढवतो. यातल्या बऱ्याच बुरशींना जमिनीवर छत्री येते. पाइन, ओक, साल वृक्ष यांची संगत या प्रकाराशी. छत्तीसगड-झारखंडात सालाखाली पावसाच्या सुरुवातीला जे गोल कंद उकरून काढतात ते याचंच फळ. दुसरा प्रकार मुळाच्या पेशींच्या आत शिरतो आणि तिथे झुडपासारख्या फांद्या फोडतो. याला छत्री कधीच येत नाही, बीजाणू मातीतच राहतात. जगातल्या ७० टक्क्यांहून जास्त वनस्पतींची संगत या दुसऱ्या प्रकाराशी आहे आणि आपला ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, काजू सगळे त्यातच येतात.

थोडक्यात, कोकणातल्या झाडांची खरी भागीदार बुरशी डोळ्यांना दिसतच नाही. दिसतात त्या छत्र्या प्रामुख्याने तिघांच्या: वाळवीच्या, पाला कुजवणाऱ्यांच्या आणि लाकूड कुजवणाऱ्यांच्या.

अपवाद आहेत. किनाऱ्यावरच्या सुरूला दोन्ही प्रकार चालतात. निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ यांच्याखाली पायसोलिथस नावाची बुरशी येते, जांभ्याच्या उघड्या माळावर वाळकं शेण पडल्यासारखी दिसते. लाथ मारली की तपकिरी भुकटी उडते. दक्षिणेकडे कर्नाटक-केरळातल्या घाटांत धूप आणि होपिया या झाडांची संगतही पहिल्या प्रकाराशी आहे.

जांभादगड

आमरी यांच्या मुद्द्याला शेतीच्या बाजूने जोड.

जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड भरपूर. घातलेलं स्फुरद (फॉस्फरस) ते धरून ठेवतात. त्यातून स्फुरद मातीत सरकतही नाही म्हटलं तरी चालेल, मुळाभोवतीचा मिलिमीटरभर पट्टा संपला की मूळ उपाशी. बुरशीचे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असतात, ते या संपलेल्या पट्ट्याच्या बाहेर काही सेंटिमीटर जातात आणि मूळ शिरू शकत नाही त्या फटींतून स्फुरद आणतात. मोबदल्यात झाड साखर देतं. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, मातीचा जेमतेम वीतभर थर असताना करवंद-जांभूळ तग धरतात त्यात या भागीदारीचा मोठा वाटा आहे.

रोपवाटिकेत हे असं वापरता येतं. त्याच जातीच्या किंवा जुन्या रानटी निरोगी झाडाखालचा पाला बाजूला सारा. ५ ते १५ सेंटिमीटर खोलीवरची, बारीक तंतुमुळं असलेली माती घ्या. मुळं टाकून देऊ नका, विरजण त्यांच्यातच जास्त असतं. पिशवी दोन तृतीयांश भरल्यावर या मातीचा मूठभर थर द्या, त्यावर दोन बोटं साधी माती, मग बी. मूळ खाली जाताना थरातून जायला हवं. वरून भुरभुरवलं तर उपयोग जवळजवळ शून्य. माती सावलीत ठेवा आणि दोन-चार दिवसांत वापरा.

कुठे बिघडतं? पहिलं, डीएपी किंवा सुपर फॉस्फेट सुरुवातीलाच भरपूर दिलं तर रोपाला बुरशीची गरज उरत नाही आणि ते तिला आत घेतच नाही. दुसरं, बुरशीनाशकाची आळवणी. तिसरं, रोगट झाडाखालची माती आणली तर विरजणासोबत मूळकूज आणि सूत्रकृमीही घरी येतात. झाडाखालच्या तणाची मुळंही बघा, गाठी दिसल्या तर ती माती नको.

तिरफळ

काजूच्या खोडावर वाळवीचे मातीचे थर चढतात तेव्हा काय करायचं? क्लोरपायरिफॉस ओतलं की रोवण मेलं आणि अळंबी गेली. नाही ओतलं तर कलम जातं म्हणतात.

जांभादगड

मोठ्या झाडावर वाळवी बहुतेक मेलेली साल खाते. थर काठीने खरवडून पाडा, खालची साल हिरवी असेल तर काळजी नको. महिन्याने पुन्हा बघा. धोका खरा आहे तो पहिल्या दोन-तीन वर्षांच्या कलमांना, तेही पाऊस संपल्यावर जमीन सुकते तेव्हा. तिथे आळ्यात कच्चं शेणखत किंवा लाकडाचे तुकडे ठेवू नका, ते आमंत्रणच. अर्धवट कुजलेलं खत हे वाळवी लागण्याचं पहिलं कारण. औषध द्यायचंच तर त्या कलमाच्या आळ्यापुरतं. बांधावरचं वारूळ शोधून त्यात बादली ओतणं म्हणजे घरात उंदीर आला म्हणून घर पेटवणं.

नारळीपौर्णिमा

माडाच्या बुंध्याशी चकचकीत तपकिरी, लाकडासारख्या टणक अळंब्या आल्यात. याही "रानाच्या साफसफाई कामगार" समजून राहू द्यायच्या का?

जांभादगड

अजिबात नाही. ही गॅनोडर्मा. रानातल्या मेलेल्या ओंडक्यावर ती कामाची, वाडीत ती रोग आहे. माड आणि पोफळ दोन्हींना लागते, मुळांतून शिरते. आधी खालच्या झावळ्या पिवळ्या होऊन खोडालगत लोंबतात, मग बुंध्याजवळच्या चिरांतून तांबूस-तपकिरी रस गळतो आणि अळंबी शेवटी दिसते. ती दिसली तेव्हा तो माड बहुधा हातचा गेलेला असतो, वाचवायचे ते शेजारचे.

रोगट माडाभोवती दोन फूट खोल, फूटभर रुंद चर काढा म्हणजे मुळं मुळांना भिडणार नाहीत. मेलेला माड तोडून थांबू नका, बुंधा मुळांसकट खणून जाळा. बुंधा तसाच ठेवून वर नवीन रोप लावणं ही सगळ्यात नेहमीची चूक. शेजारच्या माडांना वर्षाला ५ किलो निंबोळी पेंड आणि आळ्यात १ टक्का बोर्डो मिश्रण, माडामागे ४० लिटर, पंधरा-पंधरा दिवसांनी तीनदा. पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वाहतं सोडू नका, रोग त्यातूनही पसरतो.

आमरी

आणि म्हणून "मेलेलं लाकूड राखा" हा सल्ला जागा बघून द्यावा. राईत, रानात, बांधावर पडलेला ओंडका राहू द्या. त्यावर आधी फाटक्या कल्ल्यांची (टोपीखालच्या पात्यांची) करडी शिझोफायलम येते, मग कानासारख्या मऊ ऑरिक्युलारिया, मग थराथराचे पंखे. पांढरी कूज करणाऱ्या बुरशी लिग्निनसुद्धा मोडतात, आणि ते काम करू शकणारे जीव फार थोडे आहेत. उतारावरच्या पाल्यात काळे, घोड्याच्या केसांसारखे तंतू दिसतात ते मॅरास्मियसचे. पानाला पान शिवून ठेवतात, त्यामुळे आपल्याकडच्या धो-धो पावसातही पाला सगळाच्या सगळा वाहून जात नाही. आमरींचं (ऑर्किडचं) बी तर बुरशीशिवाय रुजतच नाही, धुळीएवढ्या त्या बियांत शिधा काहीच नसतो.

आषाढघन

आता दुसऱ्या प्रश्नाकडे या. खायची कोणती हे ओळखायचं कसं? टोपीतून गळलेल्या बीजाणूंचा ठसा गुलाबी आला की रोवणाची, असं एका ठिकाणी वाचलं.

कवकवेडा

अर्धं खरं, आणि अर्धं खरं इथे जीवघेणं.

ठसा घ्यायची रीत आधी. पूर्ण उघडलेली टोपी घ्या, देठ कल्ल्यांच्या पातळीला कापा. निम्मा पांढरा, निम्मा काळा कागद, त्यावर टोपी कल्ले खाली करून ठेवा, वर वाटी पालथी घाला. चार ते बारा तास. पावसाळ्यात कागद ओला होऊन ठसा फिसकटतो, म्हणून काच वापरा आणि नंतर ती कागदावर धरून रंग बघा. ठसा आलाच नाही तर टोपी कोवळी किंवा जून, दुसरी घ्या. अंदाजाने रंग ठरवू नका.

रोवणाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो, बरोबर. पण गुलाबी ठसा एन्टोलोमाचाही येतो, आणि त्यात विषारी जाती आहेत. फरक कल्ल्यांत: रोवणाचे कल्ले देठाला भिडत नाहीत, मध्ये बारीक खाच राहते. एन्टोलोमाचे बहुधा देठाला चिकटलेले. पेंढ्याच्या कुजक्या उडवीवर येणारी व्होल्व्हरिएलाही गुलाबी ठशाची, पण तिच्या तळाशी पिशवी असते. म्हणून चारही गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात: गुलाबी ठसा, देठापासून सुटे कल्ले, मातीत खोल जाणारा सोट, तळाला पिशवी नाही. त्यातली एकही जुळली नाही की टोपलीत नाही.

"देठाला कडं म्हणजे विषारी" हा नियमही पुरता खरा नाही. हाइमीला कडं असतं. तरी ज्याला खात्री नाही त्याने कड्याची सोडून दिली तर बिघडत काही नाही.

दोन शत्रू ओळखून ठेवा. पहिली क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस: हिरवळीवर, शेणखताच्या कडेला, परसात येते. मोठी पांढरी छत्री, वर तपकिरी खवले, देठावर वर-खाली सरकणारं कडं, सोट नाही. कोवळेपणी कल्ले पांढरे, नंतर हिरवट. ठसा हिरवा, आणि तोच तिचा पक्का पुरावा. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जबर उलट्या-जुलाब. दुसरी अमॅनिटा: तळाला पिशवी, देठावर कडं, पांढरे कल्ले, पांढरा ठसा. तिची कळी अंड्यासारखी दिसते, व्होल्व्हरिएलाच्या कळीशी गल्लत होते. यातल्या घातक जातींचं विष शिजवून, वाळवून, खारवून जात नाही.

चांदीचा चमचा काळा पडणं, लसूण निळी होणं, भाताचा रंग बदलणं, किड्यांनी खाल्लेली असणं, गाईने खाल्लेली असणं: यातली एकही कसोटी चालत नाही. अमॅनिटा अळ्या मजेत खातात.

नारळीपौर्णिमा

आणि खाल्लीच गेली तर?

कवकवेडा

घड्याळ बघा. त्रास तीन तासांच्या आत सुरू झाला तर बहुधा पोटापुरता असतो, तरी लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर पाणी कमी होऊन तेवढ्यानेही जीव जातो. त्रास सहा तासांनंतर, मध्यरात्री किंवा दुसऱ्या पहाटे सुरू झाला तर ती धोक्याची घंटा. घातक अमॅनिटाचं विष असंच उशिरा बोलतं. एक दिवस उलट्या-जुलाब, मग माणूस बरा झाल्यासारखा वाटतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत निकामी होतं. मधल्या "बऱ्या" दिवशी घरी आणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका. उरलेली भाजी, साफ करताना टाकलेले देठ, केरातले तुकडे कागदात गुंडाळून सोबत न्या, प्लॅस्टिकमध्ये नको. किती वाजता खाल्ली, किती जणांनी, त्रास किती वाजता सुरू झाला हे लिहून न्या. एकाच ताटातलं खाल्लेल्या सगळ्यांना न्या, ज्याला अजून काही होत नाही त्यालाही. आणि शिजवण्याआधी दोन अख्ख्या अळंब्या बाजूला काढून ठेवायची सवयच लावून घ्या.

सातेरीचो झील

दोन अळंब्या बाजूला... घरात असतील तेवढ्या तव्यावरच संपतात हो! पण मुद्दा बरोबर.

रांधायचं म्हणाल तर सोटाची माती सुरीने खरवडायची, मग तीन पाण्यांत झटपट धुवायची, भिजत ठेवायची नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटप, वर तिरफळं. पाणी स्वतःचं सुटतं, वरून घालू नये. कच्चट अजिबात ठेवू नये. आणि त्याच दिवशी.

तिरफळ

रात्री चमकणाऱ्या अळंबीबद्दल कोणीच बोललं नाही.

आमरी

ती मायसीनाच्या काही जातींची करामत. भीमाशंकरला आणि गोव्यात म्हादई अभयारण्यात दिसते, बाकी सह्याद्रीतही. पावसाळ्यात, चांदणं नसलेल्या रात्री, कुजक्या ओल्या काड्यांवर. बॅटरी बंद करून पंधरा-वीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. प्रकाश हिरवट आणि मंद असतो, फोटोत दिसतो तसा झगझगीत नाही. फोटोसाठी तिकाटणं आणि अर्धा मिनिट किंवा जास्त एक्सपोजर. ल्युसिफेरिनचा प्राणवायूशी संयोग होऊन हा प्रकाश निघतो. काडी डबीत बंद करून घरी आणली की हवा संपते, काडी सुकते आणि दाखवायला हातात नुसती कुजकी काडी उरते.

आषाढघन

शेवटची शंका. बांधावरच्या एका वारुळावर यंदा अळंबी नाही. त्याऐवजी काळ्या, बोटाएवढ्या काड्या उगवल्यात, टोकाला पांढरट. हीच अळंबी करपली का?

रायवळ

करपली नाही, ही वेगळी बुरशी. झायलेरिया गटातली. ती पोळ्यांमध्ये आधीपासूनच दबून असते, वाळव्या तणासारखी तिला उपटत राहतात. वाळव्या मेल्या किंवा सोडून गेल्या की निंदणी थांबते आणि ती पोळं व्यापून वर येते. त्या काळ्या काड्या म्हणजे आतलं घर ओस पडल्याची खूण.

खात्री करायची तर वारुळाच्या उंच भागाला रुपयाएवढं भोक पाडा आणि दुसऱ्या दिवशी बघा. जिवंत वारूळ रातोरात ओल्या मातीने ते बुजवतं. तसंच उघडं राहिलं तर त्या पोळ्यांवर अळंबी परत येणार नाही. वारूळ मात्र पाडू नका, खालून वर आणलेली ती माती वरकस जमिनीत मिळणाऱ्या मातीत सगळ्यात कसदार. पाडलंत तर पहिल्या पावसात वाहून जाईल. आजूबाजूच्या वीस-पंचवीस पावलांत दुसरं जिवंत वारूळ आहे का ते पुढच्या आषाढात बघून ठेवा, आणि असलं तर त्यावरच्या छत्र्या त्या वर्षी उघडू द्या.